आवडायचं नाही, पण आता आवडतं : हे इंग्रजीत कसं सांगाल?

तुम्हाला खायला सगळ्यात जास्त काय आवडतं?

हा प्रश्न मराठीत आला तर आपण एक सेकंदही थांबत नाही. आईच्या हातची भरली वांगी, आजोळचा हुरडा, कोल्हापूरचा तांबडा रस्सा, भावाशी भांडून मिळवलेली बासुंदीच्या पातेल्याची खरवड... हात वाळतात, पण गप्पा संपत नाहीत. तोच प्रश्न एका बंद खोलीत, समोर अनोळखी परीक्षक आणि टेबलावर रेकॉर्डर असताना इंग्रजीत आला, की उत्तर येतं, ‘आय लाइक पिझ्झा. इट इज व्हेरी टेस्टी.’ आणि पुढे शांतता.

आपल्या बेंगळुरूत आयईएलटीएसची तयारी करणारं कुणी ना कुणी प्रत्येक बिल्डिंगमध्ये सापडतं. कुणाला मास्टर्ससाठी जायचंय, कुणाला नर्सिंगच्या नोकरीसाठी, कुणाला जोडीदारापाशी. फी हजारोंच्या घरात, आणि अर्धा बँड कमी पडला तरी प्रवेश हुकतो. म्हणून आजच्या सदरात बोलूया त्या परीक्षेतल्या एका साध्यासुध्या दिसणाऱ्या विषयाबद्दल : आवडतं खाणं आणि बदललेल्या आवडीनिवडी.

परीक्षकाला नक्की काय हवं असतं?

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. तिचे तीन भाग. पहिल्या ४-५ मिनिटांत घर, कुटुंब, काम, छंद असे ओळखीचे प्रश्न. दुसऱ्या भागात हातात एक कार्ड येतं, विचार करायला १ मिनिट मिळतं आणि मग जास्तीत जास्त २ मिनिटं एकट्याने बोलायचं. तिसऱ्या भागात त्याच विषयावर थोडी खोल चर्चा, पुन्हा ४-५ मिनिटं.

गुण चार गोष्टींना मिळतात, आणि चारही गोष्टींना सारखं वजन असतं : बोलण्यातला ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. या यादीत ‘पदार्थ किती भारी आहे’ असा रकाना कुठेच नाही. पिझ्झा म्हटल्याने बँड वाढत नाही आणि भाकरी म्हटल्याने तो घटत नाही.

तरीही आपण पिझ्झा म्हणतो. कारण पिझ्झाला इंग्रजी शब्द आहे आणि पिठल्याला नाही. आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी एक संकोचही असतो. भाकरी, ठेचा, झुणका हे सगळं त्या एसी खोलीत गावंढळ तर वाटणार नाही ना?

पण पुढचा प्रश्न आला की गंमत कळते. ‘तुम्हाला तो का आवडतो? कधी खाता? घरी कोण करतं?’ वर्षातून तीनदा खाल्लेल्या पिझ्झाबद्दल सांगणार काय? उसन्या उत्तराला दुसरं वाक्यच नसतं. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं, आणि मग तो प्रश्न फिरवतो. याउलट पुरणपोळीचं नाव काढलंत तर चुलीचा धूर, पुरणयंत्र, होळी, तुपाची धार आणि आजीचा ओरडा असं सगळं एकामागून एक येतं. सांगायला काही असलं की ओघ आपोआप येतो. शब्दांचं पुढे बघता येतं.

पुरणपोळीला इंग्रजीत काय म्हणायचं?

पुरणपोळीच म्हणायचं! ‘स्वीट ब्रेड’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बेकरी येते. पदार्थाचं नाव तसंच ठेवा आणि लगेच एका वाक्यात तो उलगडून सांगा : हरभऱ्याची डाळ आणि गूळ शिजवून भरलेली, तव्यावर भाजलेली पातळ पोळी, आम्ही ती सणाला तुपाबरोबर खातो. एखाद्या गोष्टीला नेमका शब्द नसेल तर ती दुसऱ्या शब्दांत समजावता येणं, याला शब्दसंपत्तीच्या गुणांमध्ये चांगलीच किंमत आहे. म्हणजे ज्या शब्दाला आपण घाबरत होतो, तोच गुण मिळवून देतो.

बेंगळुरूत राहून याचा सराव आपण नकळत करतच असतो. शेजारच्या काकू होळिगे पाठवतात, आपण पुरणपोळी पाठवतो. त्या होळिगे सारू करतात, आपण कटाची आमटी. दोन्हींत डाळीचं तेच निथळलेलं पाणी. त्यांची कोसंबरी, आपली कोशिंबीर. हे सारखं कसं आणि वेगळं कसं, हे काकूंना मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये समजावता येत असेल तर परीक्षकाला इंग्रजीत का नाही येणार?

चवीचे शब्द मात्र आधी जमवून ठेवा, कारण ‘टेस्टी’ हा एकच शब्द फार तर दोनदा पुरतो. आंबट म्हणजे सावर, पण चिंचगुळाच्या आमटीसारखा हवाहवासा आंबटपणा असेल तर टँगी. कडूला बिटर. तुरटला ॲस्ट्रिंजंट. कुरकुरीतला क्रिस्पी किंवा क्रंची. तिखटाला नुसतं ‘हॉट’ म्हटलं तर पदार्थ गरम आहे की तिखट, हे कळत नाही, म्हणून स्पायसी बरं. इथे एक मजेशीर माहितीही सांगता येईल. आपल्या षड्रसांत तिखट ही चव आहे, पण विज्ञान तिला चव मानत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं. या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. आणि ‘खमंग’? त्याला इंग्रजीत एक शब्द नाही. भाजलेल्या बेसनाचा वास, तूप सुटायला लागल्यावर घरभर पसरणारा, असं सांगा. जमेल.

‘आवडायचं’ या शब्दात अख्खं व्याकरण आहे

आता दुसरा नेहमीचा प्रश्न : लहानपणी आवडत नसलेलं आणि आता आवडणारं काही आहे का?

इथे मराठी माणसाच्या हातात हुकमी पत्ता असतो. आपण म्हणतो, ‘मी लहानपणी शेपू खायचे नाही’, ‘मला गोड फार आवडायचं’. रोजच्या बोलण्यातलं हे ‘-यचं’ म्हणजेच इंग्रजीतलं ‘यूज्ड टू’. पूर्वी होतं, आता नाही. ‘आय यूज्ड टू हेट बिटर गोर्ड’ म्हणजे मला कारलं अजिबात आवडायचं नाही. बी.ए.ला असताना मी याचे नियम पानभर लिहून काढले होते, पण शिकवण्या घेताना हे ‘-यचं’ सांगितलं की समोरच्याला दोन मिनिटांत कळतं.

एक सावधगिरी. ‘आय यूज्ड टू ईट भाकरी’ म्हणजे मी पूर्वी भाकरी खायचे. ‘आय ॲम यूज्ड टू ईटिंग भाकरी’ म्हणजे मला भाकरीची सवय आहे. एका ‘ॲम’ने अर्थ उलटा होतो. घाईत हे दोन्ही एकत्र होतात, तेव्हा बोलण्याआधी मनात मराठीत तपासा : ‘खायचे’ की ‘सवय आहे’?

यापुढे तीन-चार वाक्प्रचार पुरेत. एखादी गोष्ट हळूहळू आवडायला लागली तर ‘इट हॅज ग्रोन ऑन मी’. मन उडालं असेल तर ‘आय हॅव गॉन ऑफ इट’. पहिल्या घासाला नको वाटणारी, पण पुढे रुचणारी चव म्हणजे ‘ॲन अक्वायर्ड टेस्ट’. तल्लफ येते ती ‘आय क्रेव्ह इट’. यातलं एखादंच वापरा, पण खरं वापरा. इथल्या हॉटेलांतला गूळ घातलेला गोडसर सांबार पहिल्या महिन्यात किती जणांना खटकतो, आणि दोन वर्षांनी पुण्याला गेल्यावर तोच आठवतो! रागी मुद्दे चावायचा नसतो, सारूत बुडवून गिळायचा असतो, हे कळायलाच वेळ लागतो. असा एक अनुभव सांगितलात तर दोन मिनिटं कमी पडतील.

चव का बदलते?

तिसऱ्या भागात परीक्षक ‘का’ विचारतो. माणसांच्या आवडी का बदलतात? देशाचं खाणं का बदलतं? इथे थोडी माहिती गाठीशी हवी.

बाळाला जन्मतःच गोड आवडतं आणि कडू नकोसं वाटतं. पण आवड त्याआधीच घडायला लागते. ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना ज्या आयांनी नियमित गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचा आहार इतर बाळांपेक्षा सहज स्वीकारला. नको असलेली भाजी पुन्हा पुन्हा, जबरदस्ती न करता समोर आली, तर आठ-दहा वेळांनंतर मुलं ती खायला लागतात, हेही दिसून आलं आहे. दुधी नाकारणाऱ्या लेकरांच्या आयांनो, धीर धरा!

समाजाची चवही अशीच बदलते, कधी हौसेने, कधी नाइलाजाने. लालबागजवळच्या एमटीआरची रवा इडली दुसऱ्या महायुद्धातल्या तांदूळटंचाईतून जन्मली, असं सांगितलं जातं. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. तिच्या भाकरीची आठवण काढून आजही तोंड वाकडं करणारी आजी तुमच्या घरात असेल. आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी बघा. ज्या कसाव्यापासून आपला साबुदाणा बनतो तो, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडांतले. पोर्तुगीजांच्या काळापासून ते इकडे आले आणि आपल्या उपासाला चालायला लागले. ‘परंपरा म्हणजे कधीच न बदलणारी गोष्ट, असं मला वाटत नाही’, हे मत मांडायला यापेक्षा चविष्ट उदाहरण मिळणार नाही.

उच्चाराचं थोडंसं

आपण मराठीत चव आणि परीक्षा दोन्हींना ‘टेस्ट’च म्हणतो. इंग्रजीत चवीचा ‘टेऽस्ट’ लांब आहे आणि परीक्षेचा ‘टेस्ट’ आखूड. आजच्या विषयात हा फरक दर वाक्याला लागणार. तसंच गोड पदार्थ म्हणजे ‘डिझर्ट’, जोर शेवटी. जोर सुरुवातीला दिलात, ‘डेझर्ट’, तर जेवणानंतर थेट वाळवंट! ब्रिटिश लहेजा आणायची गरज नाही. मराठी वळणाचं इंग्रजी चालतं, समजलं म्हणजे झालं.

आज रात्रीचा गृहपाठ

क्लासच्या नोट्स बाजूला ठेवा. जेवताना घरातल्या प्रत्येकाला मराठीत एकच प्रश्न विचारा : लहानपणी न आवडणारं काय आता आवडतं, आणि ते कधी बदललं? सासूबाई मिलोची गोष्ट सांगतील. नवरा हॉस्टेलच्या मेसबद्दल बोलेल. बेंगळुरूत वाढलेली लेक कदाचित म्हणेल की तिला भाकरीपेक्षा अक्की रोट्टी आवडते. ऐकून घ्या, वाईट वाटून घेऊ नका. तिच्या जिभेचं घर हेच आहे.

मग भांडी आवरल्यावर फोनवर २ मिनिटांचा टायमर लावा आणि त्यातली एक गोष्ट इंग्रजीत सांगून रेकॉर्ड करा. अडलात तर थांबू नका, तो पदार्थ उलगडून सांगा. रोज एक पदार्थ, असे पंधरा दिवस. परीक्षेच्या दिवशी तुम्ही उत्तर आठवत बसणार नाही. तुम्हाला घर आठवेल, आणि तुम्ही बोलायला लागाल.

परीक्षेला मनापासून शुभेच्छा. आणि हो, त्या सकाळी उपाशी जाऊ नका!