उभ्या गाडीचाही कर!

ज्या मॅटाडोरने कापडाच्या धंद्यात बरकत आणली, ती भंगारात देण्यास मन धजत नाही. आम्हीही ती गोदामात उभी ठेवली आणि थकीत कराची नोटीस हाती पडली! महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम, 1958 प्रमाणे गाडी वापरात नसल्याचे, ती कोठे उभी आहे यासह, आगाऊ लेखी कळवावे लागते. मागाहून हलफनामा घेऊन धावण्यात अर्थ नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांवरील हौशी गाड्यांना 20,000 रुपये भरून ‘व्हीए’ क्रमांक मिळतो. मालवाहू गाडीला तेही नाही. कर घ्यावा, पण ही अट कराच्या पावतीवरच छापावी. तोवर नगर, श्रीरामपूरच्या व्यापारी बांधवांनी अर्ज देऊन शिक्क्याची पोच जपून ठेवावी.