यंत्राला डोळे आले. कंत्राटी कामगार कोणाला दिसणार?

१९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात पहिला औद्योगिक यंत्रमानव कामाला लागला. तो ताकदीचा होता, पण आंधळा होता. ठरलेल्या जागी, ठरलेल्या बाजूने वस्तू ठेवली तरच तो ती उचलू शके. म्हणून बोल्ट, स्प्रिंग, कनेक्टर असे बारीक सुटे भाग पेटीतून वेचून यंत्रापुढे मांडण्याचे काम पुढेही बहुतांशी माणसाच्या बोटांकडेच राहिले.

आता यांत्रिक हाताला कॅमेऱ्याचे डोळे मिळाले आहेत. कॅमेरा ढिगाचे चित्र घेतो, कोणता भाग वर आहे व कसा पडला आहे हे संगणक ठरवतो आणि हात तो भाग चिमट्याने किंवा हवेच्या ओढीने उचलतो. चकचकीत, तेलकट किंवा एकमेकांत अडकलेले भाग पाहून तो अजून गोंधळतो. पण सुधारत आहे. हे केवळ परदेशी कौतुक राहिलेले नाही. लहान उद्योगांसाठी पुण्यात बनलेला टाटा समूहाचा 'ब्राबो' हा यांत्रिक हात २०१७ सालीच बाजारात आला.

नव्या तंत्राला आमचा सरसकट विरोध नाही. पाळीभर मान वाकवून, डोळे ताणून बारीक भाग वेचणे हे काही सुखाचे काम नव्हे. पॉवर प्रेसवर तर बोटेच जातात. मानेसर-गुरुग्राम पट्ट्यातील वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटे गमावलेल्या कामगारांची कहाणी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून अहवालांतून मांडत आहे. यांत्रिक हात प्रथम तेथे बसवा, आम्ही स्वागत करू. पण मालकाचा हिशेब बोटे वाचवण्याचा नसतो, मजुरी वाचवण्याचा असतो.

१९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत मालक, सरकार व कामगार संघटना यांनी आधुनिकीकरणाच्या अटी मान्य केल्या होत्या: असलेल्या कामगारांची कपात नको, कमाईत घट नको आणि लाभाची न्याय्य वाटणी हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही, कपात होण्याचा संभव असलेल्या यंत्रबदलासाठी २१ दिवसांची नोटीस आहे. परंतु कपातीसाठी सरकारी परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांवर नेऊन ठेवली आहे. आणि सुटे भाग वेचणारा हात पुष्कळदा कंत्राटदाराचा असतो. कंत्राट संपले की तो घरी जातो. त्याला कपात म्हणत नाहीत. नोटीस कोणाला आणि कशाची?

आम्ही रेल्वेवाल्यांनी हे पाहिले आहे. १९९५ साली ब्रॉडगेजवरील वाफेचे युग संपले. फायरमन पटावर होते, संघटना जागी होती. त्यांना प्रशिक्षण मिळाले आणि ते डिझेल सहाय्यक झाले. पण अनेक शेडमध्ये कोळसा व राख उचलणारे मजूर कंत्राटी होते. त्यांची नावे कोणत्याच पटावर नव्हती, म्हणून ते कोठे गेले याचा हिशेबही कोणी ठेवला नाही.

तीच चूक पुन्हा होऊ नये. सबब आमची मागणी स्पष्ट आहे. एक, यंत्र येण्यापूर्वी त्या कामावरील प्रत्येकाची, कंत्राटी स्त्री-पुरुषांसह, यादी संघटनेला मिळावी. दोन, कॅमेरा, प्रकाशयोजना व पकड यांची देखभाल शिकवून त्यांनाच प्रथम सामावून घ्यावे. शिकण्याच्या काळात पूर्ण वेतन द्यावे. तीन, जेथे इजा अधिक तेथे यंत्र आधी.

प्रत्येक कारखान्यातील संघटनेने ही यादी आजच करावयास घ्यावी. कंत्राटी कामगार आपला सभासद नाही, ही सबब आता चालणार नाही. आज त्याची जागा गेली तर उद्या पटावरच्याचीही जाईल.