घरातलं विज्ञान : प्रीॲम्प घ्यायचा की नाही?

दोस्तांनो, काळ्या तबकड्या, म्हणजे एलपी रेकॉर्ड, आता पुन्हा काही घरांत फिरू लागल्या आहेत. कुणाच्या घरी आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून खाली उतरतो, तर कुणी मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्लेअर शोधून आणतं. मग तो घरच्या स्टीरिओला जोडायचा बेत ठरतो. वायर लावली, रेकॉर्ड फिरली, सुई टेकली आणि आवाज कसा आला? मुंगी गातेय असा! लगेच कुणीतरी सांगतं, "अहो, प्रीॲम्प आणा. त्याशिवाय जमायचं नाही."

प्रीॲम्प विकत घ्यायचा तर पैसे हजारांत मोजावे लागतात. म्हणून आई-बाबांनी पाकीट उघडण्याआधी आपण जरा डोकं उघडूया.

सुईची वीज केवढी?

रेकॉर्डवर एकच लांबलचक खाच गोल गोल फिरत आत गेलेली असते. तिच्या दोन्ही कडा आवाजाप्रमाणे नागमोडी कापलेल्या असतात. सुई त्या खाचेतून जाताना थरथरते. सुईला जोडलेला इवलासा चुंबक तारेच्या वेटोळ्यांजवळ हलतो आणि त्या वेटोळ्यांत वीज तयार होते. हा सगळा कारखाना ज्या छोट्या डबीत असतो, तिला कार्ट्रिज म्हणतात.

ही वीज असते साधारण 5 मिलिव्होल्ट. घड्याळातला पेन्सिल सेल 1.5 व्होल्टचा असतो. त्याचे 300 भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे ही वीज! सीडी प्लेअर मात्र मोठ्या आवाजाला 2 व्होल्टपर्यंत देतो, म्हणजे सुईच्या 400 पट. आता कळलं ना मुंगी का गात होती?

पैलवान आणि त्याचा मदतनीस

स्पीकर हलवायला ताकद लागते. ते काम पॉवर ॲम्पचं. हा पैलवानच! पण पैलवानाला कुजबुज ऐकू येत नाही. त्याला कामाला लावायला साधारण 1 ते 2 व्होल्टचा दणदणीत हुकूम लागतो. म्हणून त्याच्या आधी एक मदतनीस बसवतात. तो म्हणजे प्रीॲम्प. 'प्री' म्हणजे आधीचा. सीडी, रेडिओ, फोन यांपैकी कुणाचं ऐकायचं ते हा ठरवतो. आवाज किती मोठा ठेवायचा, तेही हाच ठरवतो.

गंमत अशी, की बहुतेक घरांतल्या स्टीरिओत हे दोघे एकाच डब्यात राहतात. आवाजाचं बटण, सीडी-रेडिओ निवडायचं बटण आणि मागे स्पीकरच्या वायरी, हे सगळं एकाच डब्यावर असेल तर तुमच्याकडे प्रीॲम्प आधीच आहे. नुसता सीडी प्लेअर किंवा फोन लावायचा असेल, तर नवीन काही घ्यायला नको.

मग रेकॉर्डचं वेगळं काय?

रेकॉर्डला लागतो तो खास 'फोनो' प्रीॲम्प. तो कुजबुज सुमारे 100 पट मोठी करतो. पण त्याचं दुसरं काम जास्त मजेशीर आहे.

तबल्याच्या डग्ग्याचा खोल घुमारा जसाच्या तसा कापला, तर खाच इतकी रुंद डुलेल, की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून रेकॉर्ड बनवतानाच खालचे सूर दाबतात. याउलट टाळांसारखे बारीक, उंच सूर मुद्दाम वाढवून कापतात, म्हणजे रेकॉर्डच्या खरखरीत ते हरवत नाहीत. मधल्या सुरांच्या मानाने 50 हर्ट्झचा खालचा सूर सुमारे सातव्या हिश्शावर येतो, तर 10,000 हर्ट्झचा उंच सूर जवळजवळ पाचपट होतो.

ऐकताना हे सगळं बरोबर उलटं करायला हवं ना? त्याचं ठरलेलं गणित अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने 1954 मध्ये पक्कं केलं आणि पुढे ते जगभर रूढ झालं. फोनो प्रीॲम्प हेच उलटं गणित सोडवतो. म्हणून नुसता आवाज वाढवून भागत नाही, बरं का!

पैसे खर्चण्याआधी तीन ठिकाणी बघा

1. ॲम्प्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेली जागा आहे का? असेल तर मदतनीस आतच आहे. प्लेअर तिथेच लावा. प्लेअरची बारीक अर्थिंगची वायरही तिथल्या स्क्रूला जोडा, नाहीतर 'हम्मऽऽ' असा आवाज येईल.

2. प्लेअरवर 'फोनो-लाइन' असा खटका आहे का? असेल तर प्रीॲम्प प्लेअरच्याच पोटात आहे. खटका 'लाइन'वर करा आणि वायर 'ऑक्स'ला लावा.

3. प्लेअर सूटकेससारखा असून स्पीकर त्यातच आहे का? मग तो एकटाच वाजतो. अशा प्लेअरमध्ये बहुतेक वेळा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. ते चुंबकाच्या कार्ट्रिजपेक्षा कितीतरी जास्त वीज देतं, त्यामुळे त्याला फोनो प्रीॲम्प लागत नाही.

तिन्ही ठिकाणी 'नाही' असं उत्तर आलं, तरच दुकानाची वाट धरा.

कानही साक्ष देतात. आवाज बारीक, पातळ आणि डग्ग्याशिवायचा असेल, तर मदतनीस कमी पडतोय. फाटका आणि नको इतका घुमणारा असेल, तर मदतनीस दोन झालेत!

सांभाळा! नुसत्या पॉवर ॲम्पला सीडी प्लेअर थेट लावू नका. आवाज कमी करायचं बटण मध्ये नसेल, तर पैलवान पूर्ण ताकदीने सुटतो. स्पीकर जळू शकतो आणि कानांनाही इजा होते. वायरी बदलताना ॲम्प्लिफायर बंद ठेवा आणि आवाजाचं बटण शून्यावर आणा. मोठं माणूस जवळ असू द्या. ॲम्प्लिफायरचं झाकण मात्र कधीच उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहिलेली असते.

करून पाहा

ॲम्प्लिफायर बंद ठेवून रेकॉर्ड लावा. खोलीतला पंखाही बंद करा आणि कान सुईजवळ न्या. (सुईला हात लावू नका!) सुई स्वतःच गाताना ऐकू येईल. त्यात डग्गा शोधून बघा. सापडतो का?

ओळखा पाहू!

(अ) जुन्या ॲम्प्लिफायरवर 'फोनो' ही एकच जागा रिकामी आहे. तिथे मोबाईल लावला तर?
(आ) प्लेअरचा खटका 'लाइन'वर आहे आणि वायर 'फोनो'त आहे. आवाज कसा येईल?

उत्तरं : (अ) आवाज फाटेल. मोबाईलची वीज फोनोसाठी फारच जास्त असते. (आ) फाटका आणि घुमणारा, कारण मदतनीस दोन झाले. वायर 'ऑक्स'ला लावा, म्हणजे गाणं नीट वाजेल.