स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी

पक्षाघाताचा झटका ओसरतो, रुग्ण काठी टेकत चालू लागतो आणि घरात प्रश्न उभा राहतो : आता नोकरीचे काय? नोकरी सरकारी असेल तर प्रारंभी कार्यालयातून धीराचे शब्द येतात. ‘तळमजल्यावर टेबल देऊ’, ‘दौऱ्याचे काम काढून घेऊ’. पुढे अधिकारी बदलतात, टेबल दुसऱ्या मजल्यावरच राहते आणि जिन्याला कंटाळलेला माणूस एके दिवशी म्हणतो, ‘स्वेच्छानिवृत्तीच घेतो.’ वाचकहो, आपला मुलगा, सून वा जोडीदार या वळणावर असेल, तर सही होण्यापूर्वी थोडे थांबावे.

पहिले कारण वैद्यकीय आहे. पक्षाघातानंतरची सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते आणि त्यानंतरही ती चालूच राहते. शिवाय अशा रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांना नैराश्य येते. ‘मला आता काही जमणार नाही’ हे बोल पुष्कळदा त्या नैराश्याचे असतात आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून या काळात रजा घ्यावी. परत फिरवता न येणारा निर्णय घेऊ नये.

दुसरे कारण कायद्याचे. तोंडी आश्वासन ही मेहरबानी असते, कायद्याने मिळतो तो हक्क. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 नुसार शासकीय आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोयी पुरवावयाच्या आहेत. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कोणालाही कामावरून काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा खाली आणता येत नाही. पूर्वीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह दुसरे पद द्यावे लागते. तसे पद उपलब्ध नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. सशस्त्र पोलीस दलांतील काही पदांना मात्र यातून सूट आहे.

असेच संरक्षण 1995 च्या कायद्यातही होते. पाय गमावलेल्या एका शिपायाला तेव्हा रुग्णता निवृत्तिवेतन देऊन घरी पाठविण्यात आले. ‘कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये निर्णय दिला, की असे निवृत्तिवेतन मिळाले म्हणून कायद्याचे संरक्षण नाकारता येणार नाही. केंद्रीय कर्मचाऱ्याने आजारपणाचे कारण देऊन स्वेच्छानिवृत्ती मागितली, तर सेवेत राहण्याचा हा पर्याय कार्यालयानेच त्याला समजावून द्यावा, अशा केंद्र सरकारच्या 2015 च्या सूचना आहेत.

मग करावे काय? सोयीची वा पदबदलाची मागणी लेखी करावी आणि अर्जाची तारखेसह पोच घ्यावी. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्यावे. आपल्या डॉक्टरांकडून केवळ निदानाचे नाव लिहून घेऊ नये. रुग्ण किती वेळ बसू शकतो, जिना चढू शकतो का, उजव्या हाताने लिहू शकतो का, बोलणे स्पष्ट आहे का, हे त्यांनी लिहिले तर कोणते काम द्यावे हे कार्यालयाला कळते. तरीही दाद न लागल्यास आस्थापनेतील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. तिची चौकशी दोन आठवड्यांत करणे कलम 23 नुसार बंधनकारक आहे. तेथे समाधान झाले नाही, तर जिल्हास्तरीय समितीचे व दिव्यांग आयुक्तांचे दार मोकळे आहे.

आणि सर्व करूनही शरीर साथ देत नसेल तर? तर निवृत्ती घेण्यात कमीपणा नाही. मात्र स्वेच्छानिवृत्ती आणि वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावर मिळणारी रुग्णता निवृत्ती या दोन वेगळ्या वाटा आहेत, त्यांचे लाभही वेगळे आहेत. कोणता नियम लागू होतो हे नेमणुकीच्या तारखेवरही अवलंबून असते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 ही तारीख महत्त्वाची आहे. आस्थापना शाखेकडून दोन्हींचा हिशोब लेखी मागवावा आणि मगच ठरवावे.

शेवटची विनंती काळजी घेणाऱ्यांना. मायेपोटी आपण पटकन म्हणतो, ‘पुरे झाली नोकरी, घरी आराम कर.’ पण कित्येकांसाठी सकाळी तयार होऊन बाहेर पडणे हाच मोठा व्यायाम असतो. त्याला काय हवे आहे, हे आधी त्यालाच विचारा. बोलायला वेळ लागत असेल, तर थांबून उत्तर ऐका.