मसला आपांना विचारला, डॉक्टरांना नाही

माझ्या खालाची पाळी बंद होऊन सहा वर्षे झाली होती. मग पुन्हा रक्त दिसू लागले. तिने ना मुलाला सांगितले, ना सुनेला. सांगितले फक्त मोहल्ल्यात दर्स घेणाऱ्या आपांना, आणि विचारलेही एवढेच, की या हालतीत नमाज होते का? आपांनी बरोबर सांगितले: हे हैज नाही, इस्तिहाजा आहे. नमाज माफ नाही, दर नमाजेच्या वेळी वुजू करा. खाला निश्चिंत झाली. सात महिने तसेच गेले. मग कळले, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग.

आपांना दोष देणे सोपे आहे, मला ते पटत नाही. मसला विचारला, त्यांनी मसला सांगितला. पुढचे एक वाक्य त्यांना कुणी शिकवलेच नव्हते: पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसले तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. अशा १०० जणींपैकी सुमारे ९० जणींत कारण कर्करोग नसते. पण ज्यांना हा कर्करोग होतो, त्यांच्यातल्या १० पैकी ९ जणींना रक्तस्राव झालेला असतो. म्हणजे शरीर वेळेत सांगते. सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहतात, गरज पडली तर तुकडा काढून तपासतात. रोग गर्भाशयापुरताच असेल तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने बरा होतो.

पुढची चूक माझी. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून फोटो माझ्याकडे आला. मी रात्रभर वाचत बसलो, किती टक्के बायका किती वर्षे जगतात ते पाहून घाबरलो आणि सकाळी म्हणालो, "खाला, छोटीशी गाठ आहे." रोगाचे नाव तिला शेजारच्या खाटेवरच्या बाईने सांगितले. मी जे वाचले त्यात तिचे प्रश्न नव्हतेच. केमो चालू असताना रोजे ठेवायचे का? केस गेल्यावर लग्नाकार्याला कसे जायचे? खालूंबरोबर पूर्वीसारखे राहता येईल का? हे शेवटचे ती भाच्याला विचारणार तरी कशी? तिने आवाज बारीक करून मोबाइलला विचारले, तर खायच्या सोड्याने कॅन्सर बरा करणारा एक बाबा समोर आला. एक पाहिला की तसलेच दहा येतात. सॉफ्टवेअरच्या धंद्यात असल्याने ते का येतात हे मला चांगले ठाऊक आहे.

हयेचे कारण सांगू नका. फातिमा बिंते अबी हुबैश यांनी न थांबणाऱ्या रक्ताबद्दल थेट रसूलुल्लाहंना (स.) विचारल्याचे सही बुखारीत आहे. हे हैज नाही, एका रगेचे रक्त आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. त्या बाईने विचारले, म्हणून तर आज आपांकडे उत्तर आहे.

आपली मुले शुगर-बीपीची शिबिरे भरवतात. भरवा. पण ज्या गोष्टी बायका शिबिराच्या टेबलावर बोलत नाहीत, त्या दर्सच्या चटईवर बोलतात. तिथे एक लेडी डॉक्टर तासभर न्या आणि आपण बाहेर थांबा. आणि घरात रिपोर्ट आला तर जिचा आहे तिला आधी वाचून दाखवा.

खाला आता दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते. आदल्या दिवशी सुनेकडून प्रश्न कागदावर लिहून घेते. तो कागद मला दाखवत नाही.