गादीवर परतताना

धानाचा हंगाम सुरू झाला की गोंदियाच्या व्यापाऱ्यास दुकानाची गादी सोडवत नाही. अनियमित ठोक्यांच्या विकारावर, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनवर, ॲब्लेशन झालेल्यांनी मात्र क्रम पाळावा. या उपचारात जांघेतील शिरेतून नळी हृदयापर्यंत नेतात. म्हणून बैठे हिशेबाचे काम काही दिवसांत चालते. पोते उचलणे आठवडाभर तरी वर्ज्य. पहिले दोन-तीन महिने ठोके अधूनमधून बिघडले, तरी उपचार फसला असे नव्हे. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र चौविहार वा उपवासासाठी स्वतःहून टाळू नये. हप्ता चुकल्यास व्याज भरून भागते. गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. पच्चक्खाण घेण्यापूर्वीच गोळीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.