उपाशी कोण, हे ठरवतो कोण?

कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात लेट्यूस आणि स्ट्रॉबेरी तोडणारे मजूर बहुतेक मेक्सिकोतून आलेले. साऱ्या अमेरिकेचं ताट ते भरतात. त्यांच्या घरात दोन वेळा ताट वाढलं जातं का, हे त्यांना कळेल आणि निर्भयपणे सांगता येईल अशा रीतीने विचारायला मात्र या धनाढ्य देशाला सवड नाही!

विचारणा होत होती, नाही असं नाही. १९९५ पासून सरकारी पाहणी चालू होती. मुलंबाळं असलेल्या घराला १८ प्रश्न. पैसे हाती पडण्याआधी अन्न संपेल अशी धास्ती वाटली का? पैशांअभावी जेवण टाळलं का? पोरं दिवसभर उपाशी राहिली का? तीन होकार आले की घर अन्नटंचाईत जमा. २०२३ मध्ये अशी घरं १३.५ टक्के भरली; हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, घरांत २१.९ टक्के.

पण इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतले तीन होकार सारखेच का? ही प्रश्नावली घडली ती मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांच्या अनुभवावर. स्पॅनिश मसुदे मागाहून आले, तेही ठिकठिकाणी निराळे. त्यांत एकवाक्यता आणण्याची खटपट कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००३ मध्ये मांडली. टंचाई सारखीच असूनही एखाद्या प्रश्नाला एका भाषेत होकार कमी येत असेल, तर तिथे माप खोटं आहे, हे संख्याशास्त्र सांगतं. ते तपासता येतं. तपासणारे तपासतातही. पण कागदपत्रं नसलेल्या आईला अनोळखी माणूस विचारतो, ‘मुलं उपाशी राहिली का?’ पोर हिरावून नेतील, देशाबाहेर हाकलतील, ही भीती तिच्या छातीवर बसलेली. ती ‘नाही’ म्हणते. त्या ‘नाही’ची नोंद पोटभर जेवलेल्या घराच्या रकान्यात होते, आणि सभ्य समाज निश्चिंत झोपतो. तिला बोलतं करण्याची जबाबदारी मापणाऱ्याची होती, तिची नव्हे.

हा समाज भुकेला नव्हे, भुकेच्या आकड्याला भितो. २००६ मध्ये ‘भूक’ हा शब्दच सरकारी वर्गवारीतून गेला. ‘अत्यंत कमी अन्नसुरक्षा’ असं गुळगुळीत नाव आलं. (आपणही हसू नये. २०२३ च्या जागतिक भूक निर्देशांकावर आपल्या तेव्हाच्या एका केंद्रीय मंत्र्यांनी भर सभेत केलेली टिंगल आठवावी.) सप्टेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या कृषी खात्याने या पाहणीचा वार्षिक अहवाल यापुढे बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण काय, तर तो खर्चिक आणि राजकीय! माप सदोष होतं, तेव्हा ते दुरुस्त करा म्हणणाऱ्यांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं; मोडायला मात्र एक पत्रक पुरलं.